दगडोजीची वहिनी

माझ्या टेबलावर येणारी पात्रं बहुतेक अनाथ असतात. गाव जळालेलं असतं, आईवडलांना दरोडेखोरांनी मारलेलं असतं, एखादा गुरू होता तोही एका रात्री नाहीसा झालेला असतो. लग्न कोणाचं झालेलं नसतं, डोक्यावर कर्ज नसतं, आणि पावसाआधी कौलं बदलायला हवीत ही काळजी तर कोणालाच नसते. हातात तलवार, पाठीवर पोतडी, मागे कोणी नाही. असा माणूस कुठल्याही भुयारात शिरायला एका पायावर तयार असतो, कारण तो परत आला नाही तर कोणाचंच काही अडणार नसतं.

हे टेबल म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं, थोडक्यात डी अँड डीचं. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण एकेक पात्र घेतात, आणि एक जण डीएम होतो, म्हणजे डंजन मास्टर. आमच्याकडे ती मी. रस्ता, पाऊस, धर्मशाळेचा मालक, राजा, राक्षस हे सगळं माझ्या वाट्याचं. खेळाडू सांगतो की माझं पात्र अमुक करतं. ते जमेल की नाही अशी शंका असली तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, गोष्ट फक्त पुढच्या शनिवारी चालू राहते. आम्ही पुण्यात रात्री जमतो. एक जण डब्लिनहून व्हिडिओवर येतो, त्याच्याकडे तेव्हा दुपार असते.

तर अनाथच का? मला वाटतं खेळाडूंना हे आम्ही डीएम लोकांनीच शिकवलंय. कोणीतरी हौसेने धाकटी बहीण लिहितं आणि दोनतीन आठवड्यांत खलनायक तिला उचलून नेतो. पुढच्या खेळात वडील लिहावेत, तर ते भूत होऊन दारात उभे. इतकं झाल्यावर शहाणा माणूस नातेवाईक लिहीतच नाही. म्हणून मी सेशन झिरोला, म्हणजे प्रत्यक्ष खेळाआधी नियम ठरवायला बसतो तेव्हा, एक वचन देते: तुमच्या घरच्यांना मी पळवणार नाही आणि मारणारही नाही. ते तुमच्याकडे फक्त काहीतरी मागतील. घरची माणसं तसंही तेच करतात.

याच्या उलट टोकाला दहा पानी बॅकस्टोरी, म्हणजे पात्राचा पूर्वेतिहास, घेऊन येणारे असतात. 'क्रिटिकल रोल' हा कार्यक्रम 2015 साली सुरू झाला, त्यात व्यावसायिक आवाज-कलाकार कॅमेऱ्यासमोर हा खेळ खेळतात, आणि तो पाहून आलेली मंडळी पात्राच्या आजीपासून सुरुवात करतात. मी ती दहा पानं नीट वाचते. अडचण अशी की त्या पात्राच्या आयुष्यात घडण्यासारखं जे होतं ते सगळं आधीच घडून गेलेलं असतं. सूड उगवून झालेला असतो, प्रेम मोडून झालेलं असतं; टेबलावर येतो तो सेवानिवृत्त नायक. भरीव पात्र म्हणजे भरपूर माहिती असलेलं पात्र, हा समज मला कधीच पटलेला नाही. माझं म्हणणं साधं आहे: टेबलावर ज्याचा मोबदला मिळतो तसं पात्र घडतं. खेळाडू दोष देण्यासारखा क्वचितच असतो.

खेळाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून बाहेर पडला; एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका. युद्धखेळांतून, म्हणजे टेबलावर खेळण्यातल्या फौजा लढवण्यातून, आलेला खेळ. त्यात अनुभवाचे गुण, ज्यांवर पात्राची पातळी वाढते, मिळायचे ते मुख्यतः भुयारातून बाहेर काढलेल्या संपत्तीचे: एक सोन्याचं नाणं, एक गुण. राक्षस मारण्याचे त्या मानाने फार कमी. मग शहाणे खेळाडू लढाई टाळायचे, राक्षसाला चकवायचे, लाच द्यायचे आणि पेटी उचलून पळायचे. त्या काळच्या पात्रांना लोभी म्हणून हसतात, पण नाण्यामागे गुण लावल्यावर दुसरं काय होणार? पुढच्या आवृत्त्यांत नाण्यांचा हिशेब मागे पडला आणि मारलेल्या राक्षसांचा पुढे आला, तशी पात्रंही बदलली. दिसेल त्याला कापत सुटणाऱ्या, घरदार नसलेल्या भटक्या पात्राला या खेळात 'मर्डर होबो' असं नावच पडलंय.

गंमत म्हणजे तलवारींच्या आधी इच्छा आल्या होत्या. 1969 मध्ये मिनेसोटातल्या मिनिआपोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत डेव्हिड वेसली नावाच्या युद्धखेळ्याने एक प्रयोग केला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव. लढाई तिथे होणार. पण सगळ्यांना फौजा देण्याऐवजी त्याने काहींना गावातली माणसं दिली, कोणाला महापौर, कोणाला विद्यापीठाचा कुलगुरू, आणि प्रत्येकाला स्वतःचा काही हेतू. झालं असं की लढाई राहिली बाजूला आणि माणसं एकमेकांना कोपऱ्यात घेऊन खलबतं करत बसली. वेसलीला वाटलं, प्रयोग साफ फसला. खेळणारे मात्र पुन्हा कधी, पुन्हा कधी म्हणून मागे लागले. त्यांत आर्नेसन होता. म्हणजे पात्र होऊन वागणं-बोलणं, ज्याला आज आम्ही 'रोलप्ले' म्हणून वेगळं काढतो, ते मुळातच होतं.

बॅकस्टोरीशिवाय पात्र होत नाही म्हणणाऱ्यांना मी मेल्फ सांगते. गायगॅक्सच्या मुलाच्या पात्राच्या कागदावर लिंगाच्या जागी 'मेल'चं एम आणि वंशाच्या जागी एल्फ, एवढंच होतं. ते जोडून वाचलं आणि नाव झालं मेल्फ. आज त्याच्या नावाचा आम्लबाणाचा मंत्र नियमपुस्तकात आहे. 1978 च्या पुस्तकातल्या पहिल्या पातळीच्या जादूगाराचा जीव चार बाजूंच्या फाशावर ठरायचा आणि साध्या खंजिराची इजाही चार बाजूंच्या फाशावर. एका घावात संपणाऱ्या माणसाची आजी कोण लिहीत बसणार? आधी जगून दाखव, मग नाव ठेवू, असा व्यवहार होता, आणि मला तो प्रामाणिक वाटतो.

मोबदल्याचा विचार नंतरच्या खेळकर्त्यांनी बराच केला. 1981 चा 'चॅम्पियन्स' आणि 1986 चा 'गर्प्स' यांनी पात्राच्या उणिवांना भाव दिला. व्यसन घ्या, शत्रू घ्या, प्रतिज्ञा घ्या, त्याबदल्यात जास्तीचे गुण मिळवा आणि ते ताकदीवर उडवा. कल्पना उत्तम. पण पैसे आधी दिले की काय होतं हे घरात सुतार लावलेल्या कोणालाही विचारा. आगाऊ घेऊन झाल्यावर उणीव पुन्हा तोंड दाखवत नाही. दारूचं व्यसन असलेला योद्धा महिनोन्महिने पाण्यावर राहतो, आणि डीएमने आठवण करून दिली तर त्याचं तोंड वाकडं होतं.

डी अँड डीच्या 2014 च्या आवृत्तीने प्रत्येक पात्राला स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष अशा चार ओळी दिल्या. त्याप्रमाणे वागलात तर डीएम 'इन्स्पिरेशन' देणार, म्हणजे एकदा दोन फासे टाकून त्यातला चांगला घ्यायची मुभा. ते द्यायचं बहुतेक डीएम विसरतात. लढाईत सहा राक्षसांचे प्राणगुण मोजताना कोणाचा आदर्श काय होता हे कोणाच्या लक्षात राहणार? 2024 च्या पुस्तकात त्या चार ओळींचे तक्ते गेले. काही जण हळहळले, मला फारसं वाईट वाटलं नाही. तक्त्यावर फासा टाकून 'मी माझ्या मित्रांना कधीच सोडणार नाही' असं वाक्य आलेले इतके वीर मी पाहिलेत, आणि तेवढ्यांनीच मित्रांना भुयारात सोडून पळ काढलाय. 'फेट' नावाच्या दुसऱ्या खेळाची रीत मला यापेक्षा बरी वाटते. तिथे उणीव कागदावर नुसती लिहून काही मिळत नाही. ती तुम्हाला प्रत्यक्ष खड्ड्यात घालते त्या क्षणी गुण हातावर पडतो. काम झालं की पैसे.

पण मी ज्याच्यापुढे हात जोडते तो खेळ 'पेंड्रॅगन'. ग्रेग स्टॅफर्डचा, 1985 चा, आर्थर राजाच्या सरदारांचा. त्यात स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत: दयाळू आणि क्रूर, क्षमाशील आणि सूडखोर, नम्र आणि गर्विष्ठ, सावध आणि अविचारी, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया तेरा तर क्रौर्य सात. शरण आलेला शत्रू पायाशी पडलाय. तुमचा सरदार काय करील? दयेवर फासा टाका. नाही जमलं तर क्रौर्यावर टाका. दोन्ही चुकलं तरच तुमची मर्जी. नवे खेळाडू यावर चिडतात: माझं पात्र आणि मलाच विचारत नाही? मला तर तेच आवडतं. आपल्याला तरी आपला राग दर वेळी विचारून येतो का? शिवाय जसं वागाल तशी खूण होते आणि वर्षाच्या शेवटी त्या खुणेवर पुन्हा फासा पडून आकडा सरकतो. दोनदा सूड घेतलात की तिसऱ्यांदा क्षमा करणं खरोखर अवघड झालेलं असतं, नियमानेच.

आणि वर्षाचा शेवट! पेंड्रॅगनमध्ये साधारण एका वर्षाला एक साहस, आणि मग हिवाळा. हिवाळ्यात सरदार घरी. पीक कसं आलं, घोडा जगला का, लग्न झालं का, मूल झालं का, झालं तर वाचलं का, सगळं फाशांवर. पस्तिशीनंतर शरीर झिजायला लागतं. शेवटी म्हातारा सरदार मरतो आणि खेळाडू त्याच्या मुलाचा कागद पुढे ओढतो. तिथे अनाथ होऊन येण्यात काही अर्थच नाही, कारण घर हाच निम्मा खेळ.

हा हिवाळा मी आमच्या डी अँड डीत उचलून आणला. नियम म्हणून काही लिहिलेलं नाही. एक मोहीम संपली की सहा महिने गेले असं मी जाहीर करते आणि एकेकाला विचारते, घरी काय झालं.

आमच्यात एक सीए आहे. त्याचा बुटका योद्धा म्हणजे आकड्यांचा नमुना. ताकद वर, चिवटपणा वर, आणि करिश्मा फक्त 8, कारण कुऱ्हाड चालवणाऱ्याला गोड बोलून काय करायचंय. नावाच्या जागी त्याने 'फायटर' लिहिलं होतं. मी हट्ट धरला तेव्हा हसण्यावारी 'दगडोजी' म्हणाला, आणि तेच राहिलं. पहिल्या हिवाळ्यात दगडोजी कुठे होता? 'धर्मशाळेत. कुऱ्हाडीला धार लावत.' बरं. मी त्याला भावभावनांचं काही विचारलं नाही. ते विचारलं की हा माणूस मोबाइल काढतो. मी विचारलं, 'वाट्याला आलेल्या दोनशे मोहरांतून घरी किती पाठवतो?'

हिशेबाचा प्रश्न सीएला सोडवत नाही.

'निम्म्या.'

'कोणाच्या नावे?'

'वहिनीच्या.'

'भावाच्या नाही?'

'भावाच्या हाती पडल्या तर दिसायच्या नाहीत.'

टेबलावर सगळे हसले. तो स्वतः मात्र जरा चमकला, कारण तोपर्यंत आपल्याला भाऊ आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात मी दगडोजीच्या हातात एक पत्र दिलं. 'भाऊजी, पैसे पोचले. ह्यांना सांगितलेलं नाही. थोरल्याला लोहारकाम शिकायला पाठवावं म्हणते, पण हे ऐकत नाहीत. तुम्ही एकदा येऊन बोललात तर बरं होईल.' एवढंच. ना खलनायक, ना शाप. ज्या माणसाने दरीच्या तोंडावर एकट्याने ओगर नावाचा दांडगा राक्षस अडवला होता, तो घरी जायचं टाळू लागला. आधी बर्फ आडवं आलं, मग कुऱ्हाडीचा दांडा. का टाळतो, असं विचारलं तर सीएला सांगता येईना. पण तो ते ठामपणे टाळत होता, आणि मला त्या ठामपणात पहिल्यांदा पात्र दिसलं. शेवटी चेटकिणीचं पात्र खेळणारी आमची मैत्रीण वैतागून म्हणाली, 'अरे जा ना घरी, वहिनी वाट बघतेय!'

तो गेला. भावाला समजावायला फासा टाकला. पडले 4, वर करिश्म्याचा उणे 1. त्या एका फाशाकडे टेबल जसं वाकून पाहत होतं तसं ड्रॅगनच्या वेळीही पाहिलेलं मला आठवत नाही. भाऊ ऐकला नाहीच, वर 'कुऱ्हाड चालवणाऱ्याने मला शहाणपण शिकवू नये' म्हणाला. सोयीसाठी खाली ठेवलेला तो 8 आता घरच्यांशी बोलता न येणारा माणूस झाला होता. आकड्यांवर खेळणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही ती यामुळे. आकडेही स्वभावच असतात, पण त्यांना कोणीतरी घरचा प्रश्न विचारावा लागतो. पुतण्या त्याच रात्री घर सोडून दगडोजीच्या मागे आला, आणि आता तो आमच्या टोळीत आहे.

मोबदल्याचं म्हणाल तर, नियमपुस्तकात ओगर मारला की 450 अनुभव गुण आहेत. वहिनीच्या पत्राखातर घरी गेल्याचे मी तेवढेच दिले. सीएने लगेच हरकत घेतली: 'याला आधार काय?' डीएमची मर्जी, दुसरा काय. मग व्हायचं तेच झालं. टोळीतल्या चोराला अचानक मावशा, आत्या, आजोळ फुटलं आणि दर शनिवारी पत्रं जाऊ लागली. तेव्हा मी अट घातली: ज्यात काही गमवावं लागतं त्याचेच गुण मिळतील. मावशीला खुशाली कळवण्याचा शून्य. मावशीच्या आजारपणासाठी लुटीतला वाटा सोडलास तर बोलू. मावशा आठवड्यात ओसरल्या. एक मात्र उरली, आणि ती चांगलीच खमकी निघाली.

नाटकाचं एक सांगायला हवं, कारण पुण्यात ते टाळता येत नाही. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक गाजवलेला एक जण काही दिवस आमच्याकडे खेळायचा. आवाज काय, थांबे काय, रडणं काय! पण तो नेहमी प्रेक्षकांसाठी बोलायचा, आणि इथे प्रेक्षक कोणी नसतो. बाकीचे त्याचं स्वगत संपायची वाट पाहत बसायचे. याउलट आमची चेटकीण कधीही पात्राच्या आवाजात बोलत नाही. 'ती त्याला सांगते की पैसे परत कर,' असं तृतीयपुरुषी, भाजीचा भाव सांगावा तितक्या सपाटपणे. आणि तरी तिची चेटकीण आमच्या टेबलावरची सगळ्यात खरी बाई आहे, कारण तिने काय केलं असतं हे आम्ही सगळे सांगू शकतो, आणि कधीकधी चुकतोही. अभिनय येणं न येणं याचा भरीवपणाशी फार संबंध नाही. लाजाळू खेळाडूला 'जरा आवाज काढून बोल' म्हणणारे डीएम मला आवडत नाहीत.

अशा लोकांसाठी रात्रीचा पहारा उपयोगी पडतो. नियमाप्रमाणे लांब विश्रांती आठ तासांची, त्यात दोन तास पहाऱ्याला चालतात. बहुतेक टेबलांवर 'पहारा लावला, काही झालं नाही, सकाळ झाली' इतक्यात ते उरकतात. मी जोड्या लावते, आणि मुद्दाम ज्यांचं एकमेकांशी बोलणं होत नाही त्यांच्या. राक्षस पाठवत नाही. चेटकीण आणि दगडोजीचा पुतण्या एका पहाऱ्याला बसले तेव्हा पोराने तिला विचारलं, 'तुम्हाला घरचे बोलावत नाहीत का?' तिने जे उत्तर दिलं त्यावरून आमची पुढची मोहीम ठरली.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. 'माझं कॅरेक्टर असंच आहे' हे वाक्य. साथीदाराच्या पोतडीतून चोरी केली, कैदी मारून टाकला, आणि विचारलं की हे उत्तर, वर 'केऑटिक न्यूट्रल', म्हणजे मनमानी, पण ना भला ना वाईट, असा नीतीचा शिक्का दाखवायचा. 1974 मध्ये नीतीचे तीनच पक्ष होते, सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक. 1978 पर्यंत त्यांना भलं-वाईट जोडून नऊ चौकोन झाले. वर्णन म्हणून वापरायचे ते चौकोन, पण लोकांनी त्यांचा परवाना केला. पात्र असंच आहे, मान्य. मग त्याला इतक्या दिवसांत टोळीने हाकलून का दिलं नाही, ते सांग. याचं उत्तर देता आलं तर ते पात्र मला हवंच आहे. नाही आलं तर टोळीला मत मांडायचा अधिकार आहे, आणि आमची टोळी तो वापरते.

आणि सगळ्यांना भरीव व्हायचंच असतं असंही नाही. कोणी आठवडाभर ऑफिसात डोकं फोडून घेऊन शनिवारी फक्त गॉब्लिनांची डोकी फोडायला येतो. त्याच्या वहिनीची चौकशी करू नये. मध्यंतरी एक आख्खी रात्र पोराच्या शिकवणीची फी, मावशीचं दुखणं आणि चेटकिणीच्या माहेरचा तंटा यातच गेली. फासा टाकला तो एकदा, तोही घासाघीस करताना. शेवटी डब्लिनवाला स्क्रीनवरून म्हणाला, 'मी शनिवारची दुपार मोकळी ठेवून आलोय ती लढायला, कोणाच्या मुंजीला नाही.' बरोबर होतं त्याचं.

म्हणून या शनिवारी गुहा आहे, आणि गुहेत जे असायला हवं ते आहे. पुतण्याला बाहेर घोड्यांपाशी ठेवायचं की आत न्यायचं यावर व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण चालू आहे. घरच्यांना मारणार नाही हे माझं वचन घरात बसलेल्यांसाठी होतं, हत्यार घेऊन आत आला तर लागू नाही, हे मी आधीच लिहून ठेवलंय. दगडोजी अजून काही बोललेला नाही. सीएने मात्र विचारलंय की पोराला आत नेलं तर लुटीत त्याचा पूर्ण वाटा धरायचा की अर्धा, आणि धरला तर तो कोणाच्या नावे जमा करायचा.